कमरेवरचा हात

नाव लिहिलं नाही की माणूस लपतो, असा एके काळी माझा पक्का विश्वास होता. आता तो उरलेला नाही. तरीही या आठवणीत मी कुणाचं नाव लिहिणार नाही, कारण दुसरं काय करावं ते मला अजून समजलेलं नाही. मी प्रॉडक्ट डिझाइन शिकत असताना माझ्या एका फोटोमुळं वाळूजच्या एका कारखान्यातल्या बाईची नोकरी गेली. त्या फोटोत तिचा चेहरा नव्हता. चेहरा मीच कापला होता, आणि कापताना मला स्वतःच्या प्रामाणिकपणाचं केवढं कौतुक वाटलं होतं!

आमचं घर मुकुंदवाडीत. आई वाळूजला कंत्राटी कामगार, म्हणजे शहराच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला काम. गाड्यांच्या दारांची कुलपं बनवणारा तो कारखाना. मी डिझाइन शिकते म्हटल्यावर गल्लीतल्या बायका मला ब्लाऊजचे गळे विचारायच्या. मी वस्तूंचं डिझाइन सांगितलं की त्यांचे चेहरे पडायचे. वस्तू तर दुकानात मिळतात, त्यात शिकायचं काय, असं त्यांना वाटायचं. सुरुवातीला मलाही तसंच वाटत होतं. चित्र बरं काढायचे आणि गणितही बरं होतं, म्हणून कुणीतरी हा रस्ता दाखवला आणि मी चालू लागले.

कॉलेजात आम्हाला एक मॅडम होत्या. हुशार, तडफदार, आणि आम्ही कुणी गाढवपणा केला की मनापासून चिडणाऱ्या. त्यांचा एकच धोशा असायचा: आधी माणूस बघा, वस्तू नंतर. लोक काय सांगतात त्यापेक्षा लोक काय करतात ते बघा. चेहऱ्याकडं नको, हातांकडं बघा. माणूस जिथं वस्तूशी भांडतो तिथं आपलं काम सुरू होतं, आणि ते भांडण मिटवायला त्यानं स्वतःच काही जुगाड केला असेल, तर ते आपल्यासाठी सोनं.

पहिला सराव म्हणून त्यांनी मला मुकुंदवाडी स्टेशनच्या नळावर बसवलं. तो दाबायचा नळ. दाबून धरलं तरच पाणी यायचं, मग बाटली धरायला हात एकच उरायचा. एका बाईनं गुडघ्यानं नळ दाबला आणि दोन्ही हातांनी लेकराचं तोंड धुतलं. मी ते चित्र काढून नेलं. मॅडमनी ते वर्गात फिरवलं आणि मी आठवडाभर हवेत होते.

घरी आईला हे सगळं समजावून सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता हसली. "म्हंजी आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. ह्याला कॉलेज लागतंय व्हय?"

मी रागावले. तिला समजावत बसले की हे डोकावणं नाही, यात आदर असतो, पद्धत असते. आईनं भाकरी उलटली आणि "व्हय बाई" म्हणाली.

शेवटच्या वर्षी मोठा प्रकल्प असतो. माणसाच्या खऱ्या कामाची खरी अडचण शोधायची आणि ती सोडवणारी वस्तू करून दाखवायची. माझ्या मित्रमैत्रिणी दवाखान्यात गेल्या, अंगणवाडीत गेल्या. मी आईच्या कारखान्यात जायचं ठरवलं. खरं कारण सांगायचं तर ते सोपं होतं. कॉलेजचं पत्र मिळालं, आईनं सुपरवायझरला विचारलं, आणि एका सकाळी मी आईबरोबर कंपनीच्या बसमध्ये बसले. गळ्यात पाहुण्याचा पास, हातात वही. फोटो काढायला सुपरवायझरनं हो म्हटलं, फक्त तयार मालाचे काढायचे नाहीत एवढीच अट घातली.

आईची लाईन बायकांची होती. लाईनीच्या शेवटी ठोकायची मशीन. कुलपाचे दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, मधल्या भोकात खिळा बसवायचा, आणि मशीनच्या दोन टोकांना असलेली दोन हिरवी बटणं एकाच वेळी दाबायची. मग वरून दट्ट्या खाली येतो आणि खिळा ठोकला जातो. दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात दट्ट्याखाली सापडत नाही, हे त्यातलं शहाणपण. शहाणपण चांगलंच होतं. पण ती बटणं ज्यानं कुणी बसवली, त्याच्या डोळ्यांसमोर एखादा धिप्पाड पुरुष असणार. आमच्या बायकांना ती गाठायला दोन्ही हात फाकवून वर उचलावे लागत. पाळीभर, प्रत्येक कुलपाला एकदा.

त्या मशीनवर जी बाई होती तिला मी मावशी म्हणायचे. माहेर पिशोरचं, शेतकऱ्याघरचं, आणि आता राहायला बजाजनगरात. आईपेक्षा थोडी मोठी, ठेंगणी, आणि जीभ अशी की सुपरवायझरही जपून बोलायचा. आईचं आणि तिचं मेतकूट जमलं होतं. मावशीचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात डोक्यामागं जायचा नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत आई तिचा अंबाडा बांधून द्यायची. एकीच्या डब्यातला ठेचा दुसरीच्या भाकरीवर, आणि वर केसांत काटा खोचताना आईची बडबड. मी ते बघत बसायचे. त्याचीही मी नोंद केली होती, "खांदा – केस बांधता येत नाहीत" अशी.

पहिले दोन-तीन दिवस मला काहीच सापडलं नाही. मावशी हात फाकवून बटणं दाबत होती, कण्हत होती, पुन्हा दाबत होती. मी मापं घेतली, उंची लिहिली. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. मी लाईनीकडं वळले की कोपऱ्यातली एक बाई खोकायची, मग तिच्या पलीकडची. मी वहीत लिहिलं: कामगारांना खोकला, बहुधा पत्र्याची धूळ, हवा खेळती ठेवण्याचा विचार करावा.

चौथ्या दिवशी जेवताना मावशीनं मला विचारलं, "काय लिहू राहिली एवढं?"

मी वही पुढं केली. खोकल्याच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळ्या बायका अशा हसल्या की एकीला ठसका लागला. मला काही कळेना. आईनं डोक्याला हात लावला. "अगं येडे, तू आली की खोकायल्या त्या. सायेब आला की खोकतेत तसं."

जेवण झाल्यावर मावशी मशीनवर गेली, ट्रेखाली हात घातला आणि एक लाकडी पट्टी बाहेर काढली. माल येतो त्या लाकडी चौकटीतून निघालेली फळी होती ती. दोन्ही टोकांना जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून गाठ मारलेली, म्हणजे आवाज होत नाही आणि बटणावरून सरकतही नाही. तिनं ती पट्टी दोन्ही बटणांवर आडवी ठेवली आणि मधोमध उजव्या तळव्यानं दाबली. दोन्ही बटणं एकदम खाली. दट्ट्या आला, खिळा ठोकला. खांदा हललासुद्धा नाही.

मी आ वासून बघत राहिले. "आणि हा हात?" मी तिच्या डाव्या हाताकडं बोट दाखवलं.

"त्यो कमरंवर," मावशी म्हणाली. "दाबायच्या येळी कमरंवर म्हंजी कमरंवर. मला काय माझ्या बोटांची काळजी नाय व्हय?"

खरंच, प्रत्येक वेळी पट्टी दाबायच्या आधी तिचा डावा हात कमरेवर जायचा. नाचायला उभी राहिल्यासारखी दिसायची ती. मी तासभर मोजत बसले, एकदाही चुकला नाही. मशीननं जे शहाणपण सांगितलं होतं ते तिनं सोडलेलं नव्हतं, ते बटणातून काढून स्वतःच्या कमरेवर ठेवलं होतं. आज हे वाक्य मला सुचतं. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात एकच शब्द वाजत होता: सोनं.

फोटो काढायच्या आधी मी संमतीपत्र पुढं केलं. ते मीच मराठीत आणलं होतं आणि त्याचाही मला अभिमान होता. त्यात लिहिलं होतं की नाव आणि चेहरा कुठंही दिसणार नाही. मावशीनं ते वाचलं नाही. "तू घरची पोरगी, तुला कशाची सही?" म्हणाली, आणि केली. मग पेन परत देताना तिनं विचारलं, "कुणाला दावशील?"

"कॉलेजात," मी म्हणाले.

ते तेव्हा खरं होतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्याला काही चव उरलेली नाही.

फोटो मात्र उत्तम आला. खिडकीतून उजेड येत होता. मावशीचा चेहरा अर्धा वळलेला, डावा हात कमरेवर, उजवा तळवा पट्टीवर, आणि कोपरापर्यंत सरकवलेल्या अॅप्रनच्या बाहीखाली त्याच उजव्या हाताच्या आतल्या बाजूला गोंदलेली तुळस. मला ती तुळस फार आवडली. आमच्या घरात धम्म घेतल्यापासून आजीच्या पिढीनंच गोंदण सोडून दिलं होतं. आईचा हात कोरा, माझा कोरा. लाईनीवरच्या बाकीच्या बायका मावशीपेक्षा तरुण, त्यांच्या हातावर असलंच तर बाजारात मशीननं काढलेलं एखादं अक्षर. हिरवट, पसरलेली, जुन्या सुईची ती तुळस मला फक्त सुंदर दिसली. ती एकमेव आहे, हे डोळ्यांना दिसत असून डोक्यात शिरलं नाही. हात बघा, चेहरा नको, असं शिकलेली मुलगी मी.

कॉम्प्युटरवर मी फोटो कापला. चेहरा गेला पाहिजे म्हणून वरचा भाग काढला, मग चौकट बरी दिसावी म्हणून तिची डावी बाजू काढली. उरला पट्टीवरचा उजवा हात. कमरेवरचा हात चेहऱ्याबरोबरच गेला. मॅडमनी तो फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाल्या, "सगळं प्रेझेंटेशन यावर उभं कर."

मी तसंच केलं. बटणं जवळ आणली, खाली आणली, तळव्याएवढी मोठी केली. पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, मग लाकडाचं, मग आईला घरात उभं करून रोज दाबायला लावलं. पट्टीही मी मावशीकडून मागून आणली होती, प्रदर्शनात मांडायला. "परत आणून दे," ती म्हणाली. "दुसरी करीन मी, पण ही हाताला बसलीय."

आणि मग सादरीकरणाच्या आठवड्यात मॅडमनी सांगितलं की कंपनीचे दोन साहेब येणार आहेत. त्यांनी परवानगी दिली होती, तेव्हा बोलावणं साहजिक होतं. वर्गातल्या सगळ्यांना माझा हेवा वाटला. मला मात्र मावशीचा प्रश्न आठवला. कुणाला दावशील?

आदल्या संध्याकाळी आईनं विचारलं, "ती पट्टी हाय का त्याच्यात?"

"चेहरा नाहीये आई."

"मी चेहऱ्याचं नाय इचारलं. पट्टी हाय का?"

मी चिडले. तिला काय समजतं, असा सूर लावला. पट्टी काढली तर माझ्या प्रकल्पात राहतं काय? बटणं जवळ आणा, एवढं तर कुणीही सांगेल. ती बाई स्वतः काय शोधून बसलीय हे दाखवल्याशिवाय माझ्या बटणांना अर्थ नाही. मी आईला हे सगळं सांगितलं आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण त्या सगळ्यांच्या तळाशी एक साधी गोष्ट होती. तो माझा सर्वांत चांगला फोटो होता आणि मला तो दाखवायचा होता. आई ताटं घ्यायला उठली. तिला वाटलं असणार, शिकलेली आहे, माहीत असेल. आईचा माझ्या शिक्षणावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

सादरीकरण छान झालं. फोटो पडद्यावर आला तेव्हा खोलीत सगळे एकदम शांत झाले, जशी शांतता मला हवी होती तशीच. मी म्हणाले, "ही आमच्या वापरकर्तीनं स्वतः केलेली रचना." आम्ही माणसाला वापरकर्ता म्हणायला शिकलो होतो. नंतर सेफ्टीचं काम बघणारे साहेब म्हणाले, "तो फोटो जरा परत दाखवा."

मी दाखवला. आनंदानं दाखवला.

"डावा हात कुठं आहे?"

"कमरेवर, सर."

"दिसत नाही."

"ओळख लपवायला फोटो कापलाय."

त्यांनी मान हलवली. "मोकळा हात दट्ट्याखाली जाऊ शकतो. मशीनची सगळी सुरक्षा यात निकामी झालीये." मग शेजारच्या साहेबांकडं वळून हळू काहीतरी बोलले. ते दुसरे साहेब आईच्याच लाईनीचे होते. ते फोटोकडं जरा पुढं वाकून बघत होते आणि पट्टीकडं बघत नव्हते. मी बघितलं ते. त्यांची नजर कुठं आहे हे मला दिसलं, आणि तरी मी पुढचं पान काढलं आणि बटणांची मापं सांगायला लागले.

शेवटी दोघांनी हात मिळवला. "फार चांगलं निरीक्षण," सेफ्टीवाले म्हणाले. "बटणांचं आम्ही नक्की बघतो. फक्त भोवती अशी कड द्या की वर पट्टी ठेवताच येणार नाही." मी त्याच दिवशी ती कड काढून दिली.

मला हे लिहिलंच पाहिजे की ते साहेब वाईट नव्हते. दट्ट्याखाली गेलेली बोटं त्यांनी बघितली असतील. त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच होतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, मीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी आई कामावरून आली आणि चप्पल न काढता दारातच बसली. सकाळी गेटवर मावशीला कंत्राटदाराच्या माणसानं बाजूला घेतलं होतं. पास काढून घेतला आणि आजपासून येऊ नका म्हणाला. कारण विचारलं तर म्हणे सेफ्टी. मावशी अर्धा तास गेटबाहेर उभी होती. बाकीच्या आत गेल्या, कारण पाळी सुरू झाली होती. आईही आत गेली.

"चेहरा नव्हता गं," मी म्हणाले. तेवढंच सुचलं मला.

आईनं माझ्याकडं बघितलं. "तुळस व्हती ना. सगळ्या लाईनीवर एकीच्याच हातावर तुळस हाय."

मी रडले. आई रडली नाही. तिनं उठून चप्पल काढली आणि कणीक भिजवायला घेतली. मला वाटत होतं की तिनं मला मारावं, निदान बोलावं. ती बोलली चार-पाच दिवसांनी, कपड्यांच्या घड्या घालता घालता, अगदी सहज काहीतरी सांगावं तसं.

"आता मी आली की खोकतेत."

मॅडमकडं गेले. मॅडमनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला, हे मी बघितलं. पण पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून आलं ते हे: "संमतीपत्र आहे ना तुझ्याकडं?" मी हो म्हणाले. "मग नियमानं तुझी चूक नाही." मला इतका राग आला की मी त्यांच्या टेबलावरची माझीच फाइल उचलली आणि निघाले. पुढं त्यांनी कंपनीत फोन केला, दोनदा केला. त्यांना सांगण्यात आलं की ती बाई कंपनीची नाहीच, कंत्राटदाराची आहे. कंत्राटदारानं सांगितलं, कंपनीनं सांगितलं तसं केलं. आईनं पाळी संपल्यावर बजाजनगरात मावशीच्या खोलीवर जायला सुरुवात केली, बस सोडून, मग रिक्षा बदलत मुकुंदवाडीला. ती मला चल म्हणाली नाही आणि मीही ने म्हणाले नाही. भित्री होते मी.

माझ्या प्रकल्पाला वर्गात सगळ्यांत चांगला शेरा मिळाला. प्रदर्शनात पांढऱ्या चौथऱ्यावर ती पट्टी ठेवली होती, खाली छापील चिठ्ठी. लोक वाकून वाचायचे. मी तिथं उभी राहायचे नाही, चहाला जायचे.

पावसाळा संपता संपता बटणं बदलली. माझ्या मापांप्रमाणं, कडेसकट. आणि त्या मशीनवर आईला उभं केलं. रिकामी जागा होती, आई जुनी होती, त्यात कुणाचा काही डाव नव्हता. एका संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "कसंय मशीन?"

आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग उजवा हात वर करून तिनं डोक्यामागं नेला, स्वतःचा अंबाडा चाचपला आणि हात खाली घेतला. "खांदा नाय दुखत," म्हणाली. "चांगलं केलंस तू ते."

ती टोमणा मारत नव्हती. मारला असता तर बरं झालं असतं.

मावशीकडं मी गेले ते कॉलेज संपल्यावर, नोकरी लागल्यावर. मला पट्टी परत द्यायची होती. बजाजनगरात एका खाणावळीत ती पोळ्या लाटायला जात होती, आईनं पत्ता दिला. दुपारची गर्दी ओसरली होती. मावशी ओट्यापाशी उभी होती. केस आखूड कापून टाकलेले, मानेवर रुळणारे. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला, मग म्हणाली, "ये. बस तिथं डब्यावर."

मी माफी मागितली. पाठ केलेली वाक्यं होती, ती निम्म्यावरच संपली. मावशी लाटत होती. "मी तुला इचारलं व्हतं, कुणाला दावशील," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू सांगितलं आसतंस, मावशे, सायेब येऊ राहिलेत, तर मी म्हणली आसती नको दावू. मग तू नसती दावली. हाय ना?"

मी मान हलवली. पण मला ते खरंच माहीत नव्हतं, आणि तिला ते कळलं.

मी पिशवीतून पट्टी काढली. तिनं पिठाच्या हातानं घेतली, उलटीसुलटी करून बघितली, चिंधीची गाठ अंगठ्यानं दाबली. "हिचं काय करू आता?" मग इकडंतिकडं बघून ओट्यामागच्या खिडकीचं दार, जे सारखं आपटत होतं, त्याला तिनं ती टेकू म्हणून लावली. बरोबर बसली. पुन्हा लाटायला लागली. मला चहा दिला, आईची विचारपूस केली, माझ्या नोकरीचं विचारलं. मी सांगितलं, तीही ऐकत होती. थोडं सैल वाटायला लागलं मला. वाटलं, बोलता तरी येतंय.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मी पिशवीतून तो बाहेर काढला आणि बघण्यासाठी समोर धरला.

मावशीचं लाटणं थांबलं. तिचा डावा हात पिठानं भरलेला होता, तशाच हातानं तिनं खांद्यावरचा पदर ओढला आणि उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत घट्ट गुंडाळला. एका क्षणात केलं तिनं हे, माझ्याकडं न बघता.

"आईचा फोन आहे, मावशी," मी म्हणाले.

"व्हय का? दे इकडं."

ती आईशी हसून बोलली. केस कापल्याचं बोलली, डोकं हलकं झालं म्हणाली, एकदा ये म्हणाली. बराच वेळ बोलली. मी डब्यावर बसून होते. फोन परत देतानाही तो हात पदराखालीच होता, आणि मी निघेपर्यंत तिनं पदर सोडला नाही.